मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी : आधीची भीती आणि नंतरची काळजी



स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख मागितला की बहुधा मधुमेह, रक्तदाब नाही तर सकस आहार यावर लिहिले जाते. ते विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु ज्या विषयावर माणसे चारचौघांत सोडाच, घरातसुद्धा बोलत नाहीत असा एक विषय मी मुद्दाम निवडला आहे. तो म्हणजे लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून केली जाणारी मूत्राशयाची तपासणी. डॉक्टर तिला सिस्टोस्कोपी म्हणतात. माझी सगळी नोकरी परिचारिका म्हणून झाली आणि तिच्यातली शेवटची अकरा वर्षे मूत्ररोग विभागात गेली. या तपासणीचे नुसते नाव ऐकून दारातून परत फिरलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. तपासणीने त्यांचे फारसे काही बिघडले नसते. न केल्यामुळे मात्र काहींचे फार बिघडले.

आमच्या चाळीत एक काका होते. गिरणीच्या रंगखात्यात त्यांची वीस वर्षे गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते वॉचमनची नोकरी करू लागले. रोज बिडीचे एक बंडल लागत असे. २००४ साली एका सकाळी त्यांना लालभडक लघवी झाली. दुखले नाही, जळजळ नाही, ताप नाही. दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ झाली. काकांनी निदान केले, 'उष्णता झाली'. सब्जा झाला, धने-जिऱ्याचे पाणी झाले, आणि लघवी स्वच्छ झाल्याचे श्रेय सब्जाला मिळाले. चार महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हाही त्यांनी बायकोला सांगितले नाही. मी त्याच मजल्यावर राहत होते आणि रोज मूत्ररोग विभागात कामाला जात होते, पण मला कसे सांगणार? मी बाईमाणूस! तिसऱ्या वेळी रक्ताच्या गुठळ्यांनी लघवी तुंबली, पोट फुगले आणि रात्री दोन वाजता त्यांना टॅक्सीत घालून न्यावे लागले.

दुखणे नसताना लघवीतून रक्त जाणे ही गोष्ट दुखण्यासहित रक्त जाण्यापेक्षा अधिक काळजीची असते. हे वाक्य विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजोबांना, आजीला, वडिलांना जरूर सांगावे. मुतखडा असला तर माणूस वेदनेने गडाबडा लोळतो आणि आपण होऊन दवाखान्यात जातो. मूत्राशयातली गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तिच्यातून कधीतरी रक्त येते, आपोआप थांबते, महिनोन् महिने पुन्हा येत नाही. रक्त थांबले म्हणजे आजार गेला असे नव्हे.

ही तपासणी कशासाठी

आपली दोन मूत्रपिंडे रक्त गाळून लघवी तयार करतात. ती दोन बारीक नळ्यांमधून थेंबथेंब खाली उतरते व मूत्राशयात साठते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. तिथून बाहेर येण्याचा मार्ग पुरुषांत सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो, तर स्त्रियांत अवघा ४ सेंटिमीटर. याच कारणाने बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि याच कारणाने दुर्बिणीची तपासणी त्यांना पुरुषांपेक्षा सोपी जाते.

लघवीत रक्त दिसले की प्रथम लघवीची तपासणी व सोनोग्राफी करतात. इथे नेहमीचा वाद निघतो. 'सोनोग्राफी नॉर्मल आली, मग आता दुर्बीण कशाला?' त्याचे उत्तर असे की सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज, खडा, मोठी गाठ दिसते. परंतु मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरची लहान गाठ किंवा चपटा लाल डाग तिला दिसेलच याची खात्री नसते. भिंतीला ओल आली आहे का हे बाहेरून हात लावून कळत नाही, दार उघडून आत जावे लागते, तसेच हे आहे. दुर्बिणीने डॉक्टर प्रत्यक्ष डोळ्यांनी अस्तर पाहतात आणि शंका आली तर त्याचा कणभर तुकडा काढून तपासणीला पाठवतात.

प्रत्येक लाल लघवी रक्ताचीच असते असे मात्र नाही. बीट खाल्ल्याने काहींची लघवी तांबूस होते. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधाने ती नारिंगी होते, हे गोळ्या घेणाऱ्यांना ठाऊक असते. लघवीच्या साध्या तपासणीत रक्त आहे की नाही हे लगेच कळते. म्हणजे घरी बसून तर्क करण्यापेक्षा बाटलीत नमुना देणे स्वस्त व सोपे.

रक्ताखेरीज दुसरीही कारणे असतात. लघवीची धार बारीक होणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, मूत्राशयातला खडा, लघवीच्या मार्गाचे आकुंचन, मूत्रमार्गाचा क्षय, मूत्रपिंडाच्या नळीत घातलेला स्टेंट काढणे, यांसाठीही दुर्बीण वापरतात. स्टेंटबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या बाबतीत आपल्याकडे फार हलगर्जी होते.

भगिनींसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. बाईने लघवीच्या त्रासाची तक्रार केली की 'उन्हाळी लागली' म्हणून घरात मिटवले जाते. फार तर मेडिकलमधून चार गोळ्या येतात. रक्त दिसले तर पाळीचे असेल असे म्हणतात. पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या बाईच्या बाबतीतही असे म्हटलेले मी ऐकले आहे. जंतुसंसर्ग बायकांत खरोखरच जास्त असल्याने डॉक्टरसुद्धा कधीकधी फसतात. म्हणून एक खूण लक्षात ठेवावी. जंतुसंसर्गाचे औषध पूर्ण घेऊनही लघवीत रक्त राहिले, किंवा कल्चरच्या तपासणीत जंतू सापडतच नाहीत आणि रक्त मात्र येते, तर पुन्हा त्याच गोळ्या घेत बसू नये. मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवा असे स्वतः होऊन म्हणावे. चाळिशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांनी तर हे अवश्य करावे.

काकांना डॉक्टरांनी कामधंदा विचारला तेव्हा त्यांच्या मुलाला आश्चर्य वाटले. लघवीचा आणि गिरणीचा संबंध काय? संबंध जुना आहे. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयात गाठी होतात हे निदर्शनास आणले. बेंझिडीनसारखी काही रसायने शरीरात गेली की लघवीवाटे बाहेर पडतात, आणि बाहेर पडण्यापूर्वी तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. आजार दिसायला वीस-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, गिरणी बंद पडलेली असते. बिडी-सिगारेटचेही असेच. धूर फुप्फुसात जातो, पण त्यातली विषे रक्तातून लघवीत उतरतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. काकांच्या बाबतीत दोष रंगाचा की बिडीचा हे कोणीच सांगू शकत नव्हते, दोन्ही होते.

दुर्बीण आली कुठून

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास. शरीराच्या आतल्या अंधारात पाहायचे तर उजेड आत कसा न्यायचा, हा मूळ प्रश्न. फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टराने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती, आरसा आणि नळी यांचे एक उपकरण तयार केले. त्या काळच्या वैद्यकीय पंडितांनी ते खेळणे ठरवले आणि १८०९ मध्ये बोझिनी टायफसच्या साथीत वारला. पुढे १८७७ मध्ये मॅक्सिमिलियन नित्झे याने ड्रेस्डेन येथे मूत्राशय पाहण्याची दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाशी विजेने तापणारी प्लॅटिनमची तार होती व ती थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागे. त्या काळच्या रुग्णांच्या धैर्याला नमस्कारच करावा! नंतर विजेचा छोटा दिवा आला. १९५९ च्या सुमारास हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या कांड्यांची भिंगरचना शोधली आणि चित्र एकदम स्वच्छ दिसू लागले. १९७० नंतर काचतंतूंची लवचीक दुर्बीण आली. आता टोकाशी बारीक कॅमेराच असतो आणि आतले दृश्य पडद्यावर दिसते.

म्हणजे आज दोन प्रकार आहेत. लवचीक दुर्बीण साधारण पाच मिलिमीटर जाडीची, पेन्सिलपेक्षा बारीक असते व मार्गाच्या वळणानुसार वळते. ताठ दुर्बीण धातूची, थोडी जाड, परंतु तिच्यातून तुकडा घेणे, खडा फोडणे, गाठ खरवडून काढणे ही कामे नीट करता येतात. सरकारी रुग्णालयांत अजूनही ताठ दुर्बीण पुष्कळ ठिकाणी वापरतात. पुरुषांना तिच्यासाठी बहुधा कमरेत भुलीचे इंजेक्शन किंवा गुंगी देतात. लवचीक दुर्बिणीला मात्र बधिर करणारी जेली पुरते.

तपासणीच्या आधी व तपासणीच्या दिवशी

लघवीची तपासणी आधी करून घेतात. जंतुसंसर्ग असेल तर प्रथम त्याचे औषध देऊन मग दुर्बिणीची तारीख देतात. संसर्ग असताना दुर्बीण घातली तर जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. म्हणून तारीख पुढे गेली तर डॉक्टरांवर रागावू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे. हृदयाच्या रुग्णांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा गोळ्या असतात. त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत आणि लपवूनही ठेवू नयेत. मधुमेह, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हृदयातली कृत्रिम झडप, गर्भारपण, यांतले काहीही असेल तर ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावे. भूल द्यायची असेल तर आधी सहा तास काही खाऊ नये असे साधारणपणे सांगतात. नुसत्या जेलीने होणार असेल तर उपाशी राहायची बहुधा गरज नसते. हे विचारून घ्यावे. साध्या तपासणीसाठी मधुमेही आजीला सकाळपासून उपाशी ठेवून चक्कर आणलेली आम्ही पाहिली आहे.

संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुर्बीण कोणती, भूल कोणती, आणि आत काही दिसले तर त्याच वेळी तुकडा घेणार का. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावले तरी विचारावे.

मूत्राशय रिकामे करून टेबलावर पाठीवर झोपवतात व पाय आधारावर ठेवतात. बायकांना इथेच फार संकोच वाटतो. अंगावर हिरव्या चादरी असतात आणि जरुरीपुरताच भाग उघडा ठेवतात. खोलीत परिचारिका किंवा मावशी असावी अशी मागणी करणे गैर नाही. जंतुनाशकाने जागा स्वच्छ केली की बधिर करणारी जेली मार्गात सोडतात व ती लागू पडेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबतात. हे थांबणे महत्त्वाचे आहे. घाईच्या ओपीडीत इथेच वेळ वाचवला जातो आणि रुग्णाला उगाच दुखते. 'डॉक्टर, थोडे थांबू का?' असे विचारायला हरकत नाही.

'सिस्टर, दुखेल का हो?' हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला. खोटे बोलून उपयोग नसतो. मी सांगत असे, 'काका, जेली थंड लागेल. आत जाताना एका ठिकाणी टोचल्यासारखे होईल, तेव्हा लघवी करायचा प्रयत्न करतोय असे मनात आणा आणि सावकाश श्वास सोडा.' ती एक जागा म्हणजे लघवी अडवून धरणारा स्नायू. भीतीने माणूस अंग आवळतो, स्नायूही आवळला जातो आणि तिथेच दुखते. सैल सोडले की दुर्बीण पुढे सरकते. मग सलाईनचे पाणी सोडून मूत्राशय फुगवतात, म्हणजे आतल्या घड्या उलगडतात. त्या वेळी जोरात लघवी लागल्याची भावना होते. ती पाण्यामुळे असते, आपल्या हातून टेबल ओले होईल म्हणून लाजू नये. झाले तरी ते पाणीच असते.

पडदा दिसत असेल तर जरूर पाहावे. निरोगी अस्तर फिकट गुलाबी असते व त्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे नकाशावरच्या नद्यांसारखे दिसते. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्यांची दोन बारीक तोंडे असतात आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांतून लघवीची चिळकांडी येते. एक शाळामास्तर स्वतःच्या तपासणीत हे पाहून इतके रमले की दुखणे विसरून प्रश्न विचारू लागले. नुसते पाहायचे असेल तर पाच-दहा मिनिटांत आटोपते. तुकडा घ्यायचा किंवा दुसरे काही करायचे असल्यास अर्धा तास किंवा अधिक लागतो.

घरी आल्यावर

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डॉक्टर घाईत असतात, रुग्ण सुटल्याच्या आनंदात असतो आणि सूचना हवेत राहतात.

लघवी करताना जळजळ होणे, थोड्या थोड्या वेळाने लघवीला लागणे, लघवी गुलाबी दिसणे हे एक-दोन दिवस चालते. तुकडा घेतला असेल तर गुलाबी रंग आणखी काही दिवस राहू शकतो. याला घाबरू नये. पहिल्या लघवीला फार जळजळ होते म्हणून लोक पाणीच कमी पितात. नेमके उलटे करायला हवे. लघवी कमी झाली की ती दाट होते, जास्त जळजळते आणि जंतूंना फावते. घरी आल्यावर पहिले दोन तास तासाला दोन ग्लास पाणी प्यावे, मग दिवसभरात दोन-अडीच लिटर होईल असे घोट घोट पीत राहावे. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसू लागली की पुरेसे झाले. नारळपाणी, जवाचे पाणी, ताक चालेल. चहा-कॉफी आणि तिखट एक-दोन दिवस कमी ठेवावे, मद्य तर नकोच. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांना हा नियम लागू नाही, आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी नारळपाणीही विचारूनच घ्यावे.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी पुरते. कोमट पाण्याने ओले केलेले फडके लघवीच्या जागी धरल्यास बरे वाटते. लघवी सुटत नसेल तर कोमट पाण्याच्या टबात बसून तिथेच लघवी करण्याचा प्रयत्न करावा. याची लाज वाटण्याचे कारण नाही. मलावरोध होऊ देऊ नये, कुंथण्याने रक्त पुन्हा सुरू होते. जळजळ थांबेपर्यंत शरीरसंबंध टाळावा. तुकडा घेतला असेल तर काही दिवस पाण्याचे हंडे, सिलिंडर, सिमेंटची पोती उचलू नयेत. ज्या घरात पाणी खालून भरून आणावे लागते तिथे हे बाईला कोण सांगणार, असा प्रश्न असतो. म्हणून ही सूचना मी नेहमी रुग्णाला न सांगता सोबत आलेल्या मुलाला किंवा नवऱ्याला सांगत असे.

कमरेत इंजेक्शन दिले असेल तर पाय काही तास जड राहतात. पायांत पूर्ण ताकद आल्याखेरीज एकट्याने संडासला जाऊ नये, पडण्याची भीती असते. गुंगी दिली असेल तर चोवीस तास गाडी चालवू नये व कोणत्याही कागदावर सही करू नये.

जंतुनाशक गोळ्या प्रत्येकाला लागतातच असे नाही. दिल्या तर पूर्ण घ्याव्यात, दिल्या नाहीत तर शेजाऱ्याच्या उरलेल्या घेऊ नयेत.

आता परत कधी जायचे ते सांगते. आठ तास झाले आणि प्रयत्न करूनही लघवी झाली नाही, ओटीपोट टम्म झाले. लघवी गुलाबी न राहता गडद लाल झाली किंवा गुठळ्या पडू लागल्या. थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला. कुशीत किंवा पोटात जोराची कळ येऊ लागली. दोन दिवसांनंतर जळजळ कमी होण्याऐवजी वाढली. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात कागदपत्रे घेऊन जावे. असे थोड्यांच्याच बाबतीत घडते. शंभरात काही जणांना जंतुसंसर्ग होतो आणि तो औषधाने बरा होतो. मार्गाला इजा होणे किंवा नंतर मार्ग आकुंचन पावणे हे त्याहून कमी. परंतु थंडी-ताप हा सर्वांत घाईचा. हिवताप असेल म्हणून दोन दिवस घरी काढले तर जंतू रक्तात पसरलेले असतात.

स्टेंट : पोटात राहिलेली वस्तू

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ प्लास्टिकची नळी ठेवतात. दोन्ही टोकांना ती वळलेली असते म्हणून तिला डीजे स्टेंट म्हणतात. सुजेने मार्ग बंद होऊ नये म्हणून ती काही आठवड्यांपुरती ठेवलेली असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला ती दुर्बिणीतून चिमट्याने पकडून काढतात. काही मिनिटांचे काम. ती आत असताना लघवी करताना कुशीत कळ येते, अधूनमधून रक्त दिसते. पण काहींना काहीच त्रास होत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. खडा गेला, दुखणे गेले, तारीख विसरली.

मराठवाड्यातून आलेल्या एका तरुण शेतमजुराचा स्टेंट अडीच वर्षे आत राहिला होता. खड्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या एका रुग्णालयात झालेली. डिस्चार्ज कार्ड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. त्यावर इंग्रजी अक्षरांत एकच ओळ होती, 'डीजे स्टेंट इन सिटू', म्हणजे नळी जागेवर आहे. ती त्याला कोणी वाचून दाखवली नाही की समजावली नाही. तोवर नळीच्या दोन्ही टोकांवर खड्याचे थर चढले होते आणि नळी ठिसूळ झाली होती. जे काम काही मिनिटांत झाले असते त्यासाठी तीन वेळा शस्त्रक्रिया करावी लागली. मूत्रपिंड वाचले, पण अर्धेमुर्धे. असे मूत्रपिंड काहींना गमवावेही लागते.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. घरात, शेजारात, गावी कोणाचे मुतखड्याचे ऑपरेशन झाले असेल तर त्यांचे कार्ड मागून घ्या आणि 'स्टेंट' हा शब्द आहे का ते पाहा. असेल तर कधी काढला ते विचारा. 'काढला असेल बहुतेक' हे उत्तर चालत नाही. तीन महिने उलटून गेले असतील तर त्याच आठवड्यात रुग्णालयात घेऊन जा. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये स्टेंट दिसतो.

खर्चाबद्दल दोन शब्द. मुंबईत के. ई. एम., जे. जे., शीव व नायर, पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी खाजगीच्या मानाने फार कमी खर्चात होते. वेळ जातो, रांग असते, हे खरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या कित्येक शस्त्रक्रिया बसतात. आपली तपासणी किंवा शस्त्रक्रिया बसते का हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे, आणि जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर न्यावे.

तुकडा तपासणीला पाठवला असेल तर त्याचा अहवाल स्वतः जाऊन आणावा. रुग्णालयातून फोन आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये. आमच्या विभागाच्या कपाटात कोणी न नेलेल्या अहवालांचा एक गठ्ठाच असे. त्यातले काही वाचून आम्ही पत्ते शोधत, पत्रे पाठवत असू. बरेचसे पत्ते बदललेले निघत.

चाळीतल्या काकांच्या मूत्राशयात बोराएवढ्या दोन गाठी निघाल्या. दुर्बिणीतूनच त्या खरवडून काढल्या. अहवाल कर्करोगाचा आला, पण तो स्नायूपर्यंत पोहोचला नव्हता. हा आजार पुन्हा पुन्हा उगवणारा असतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, मग ठरलेल्या अंतराने वर्षानुवर्षे दुर्बीण, असा क्रम असतो. एकदा दुसरी लहान गाठ सापडली, तीही काढली. पहिल्या तपासणीच्या वेळी जिन्यात बसून राहिलेले काका पुढे एकटेच लोकलने येऊ लागले. फाइल, पाण्याची बाटली आणि बदलायला लेंगा अशी त्यांची पिशवी तयार असे. बाकावर नवीन माणूस घाबरलेला दिसला की ते त्याच्या शेजारी सरकून बसत आणि आत काय होते ते मोकळेपणाने सांगत. बिडी सुटायला मात्र आणखी एक वर्ष लागले.